भौतिकशास्त्र पदवीला शिकताना: स्वतःचं उत्तर स्वतः तपासता येईल असा अभ्यास

शाळेत भौतिकशास्त्रात उत्तम गुण मिळवणारे विद्यार्थी पदवीच्या पहिल्याच सत्रात अडखळतात. हुशारी कमी पडते असं नाही. शाळेतल्या उदाहरणात कोणतं सूत्र लावायचं हे प्रश्नातच दडलेलं असतं. पदवीला एकाच उदाहरणात न्यूटनचे नियम, ऊर्जेची अक्षय्यता आणि एखादं डिफरन्शियल इक्वेशन असं सगळं हातात हात घालून येतं, आणि आलेलं उत्तर बरोबर की चूक हे सांगायला पुष्कळदा कुणीच नसतं. म्हणून या अभ्यासात सर्वांत आधी कमवायची गोष्ट म्हणजे आपलं उत्तर आपल्याला तपासता येणं. खालचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

गणित: कोणतं आणि किती

भौतिकशास्त्र कळत नाही असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा गणित अडलेलं असतं. पण म्हणून आधी सगळं गणित संपवून मग भौतिकशास्त्राकडे वळायचं ठरवलं, तर ती वेळ कधीच येत नाही. पहिल्या वर्षाला एवढं हातात बसलेलं असलं की पुरतं: सदिशांचे डॉट आणि क्रॉस गुणाकार, संमिश्र संख्यांचं घातांकी रूप, टेलर मालिका (एखादं फलन चलाच्या वाढत्या घातांच्या बेरजेत मांडणं), पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि सहगुणक स्थिर असलेलं दुसऱ्या कोटीचं डिफरन्शियल इक्वेशन. विद्युतचुंबकत्व सुरू होण्याआधी ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल करून ठेवा. क्वांटमच्या आधी मॅट्रिक्स आणि त्यांच्या आयगेनव्हॅल्यू करा. क्वांटम अवघड वाटणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं खरं दुखणं लिनिअर अल्जिब्रा, म्हणजे हेच मॅट्रिक्सचं गणित, हे असतं.

यातली टेलर मालिका सर्वांत जास्त कामाला येते आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. कोन लहान असेल तर साइन थीटा म्हणजे थीटाच, हे सगळे लिहितात. पण किती लहान? कोन १० अंश असेल तर या अंदाजात सुमारे ०.५ टक्के चूक होते. त्याच १० अंशांच्या आंदोलनाने साध्या दोलकाचा दोलनकाल मात्र फक्त ०.१९ टक्के वाढतो, २० अंशांना ०.७६ टक्के. प्रत्येक ‘अंदाजे बरोबर’च्या चिन्हाशेजारी असा एखादा आकडा काढून बघायची सवय लावून घ्या.

आणखी एक: ‘लहान’ हा शब्द एकटा कधी वापरू नका. उंची लहान आहे, या म्हणण्याला अर्थ नाही. उंची पृथ्वीच्या त्रिज्येच्या तुलनेत लहान आहे, याला आहे. पृष्ठभागापासून १० किलोमीटर उंचीवर गुरुत्वीय त्वरण (जी) सुमारे ०.३ टक्क्यांनीच कमी होतं, कारण १० भागिले ६३७१ (पृथ्वीची त्रिज्या किलोमीटरमध्ये) हे गुणोत्तर लहान आहे. मालिका नेहमी अशा एकक नसलेल्या गुणोत्तरात मांडायची. तशी मांडता येत नसेल तर अजून उदाहरणच नीट समजलेलं नाही असं धरून चाला.

धडा वाचताना

तासाला बसण्याआधी पंधरा मिनिटं त्या भागावरून नजर फिरवा. आकृत्या, व्याख्या आणि शेवटचं सूत्र बघितलं की झालं. तास झाल्यावर त्याच दिवशी कोरा कागद घ्या, वही बंद करा आणि डेरिव्हेशन लिहून काढा. जिथे अडाल तिथे खूण करा, मगच वही उघडा. ही खूण मोलाची आहे, कारण माणूस सहसा बीजगणितात अडत नाही. एखादं गृहीतक शांतपणे आत शिरलेलं असतं, तिथे अडतो. दोलकाच्या डेरिव्हेशनमध्ये अशी चार आहेत: दोरीला वस्तुमान नाही, गोळा बिंदूएवढा आहे, कोन लहान आहे, हवेचा रोध नाही. प्रत्येक डेरिव्हेशनच्या समासात अशी यादी लिहा. पुढे व्हायवाला (तोंडी परीक्षेला) ‘हे सूत्र कधी चालणार नाही?’ असं विचारलं तर उत्तर याच यादीत सापडतं.

गाउसचा नियम हे याचं नेहमीचं उदाहरण. हा नियम कोणत्याही बंद पृष्ठभागासाठी खरा असतो, पण त्यातून विद्युतक्षेत्र काढता येतं ते फक्त सममिती असेल तेव्हा. मर्यादित लांबीच्या तारेभोवती दंडगोल कल्पून क्षेत्र काढणारी चूक दरवर्षी होते. पृष्ठभागावर क्षेत्राचं मूल्य सगळीकडे सारखं असल्याशिवाय ते इंटिग्रलच्या बाहेर काढताच येत नाही. तार अनंत असेल तर ते सारखं असतं, तुकडा असेल तर नसतं. नियम तोच, पण तो उपयोगी पडायची अट वेगळी असते. ही अट लिहून ठेवली नाही तर सूत्र पाठ असूनही उत्तर चुकतं.

दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचत असाल तर संकेत तपासून घ्या. थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्या नियमात काही पुस्तकं वायूने केलेलं कार्य धन धरतात, काही वायूवर केलेलं. गोलीय निर्देशांकांत थीटा आणि फाय गणिताच्या पुस्तकांत बहुधा अदलाबदल होऊन येतात. विद्युतचुंबकत्वात एसआय आणि गाउसियन एककांत ४ पायचा फरक पडतो. वहीच्या पहिल्या पानावर आपण कोणता संकेत वापरतो ते लिहा आणि वर्षभर तोच ठेवा.

एक उदाहरण, शेवटपर्यंत

भरीव गोळा उतारावरून न घसरता गडगडत खाली येतो, तर त्याचं त्वरण किती? उदाहरण जुनं आहे, पण नीट सोडवलं तर सोडवायची पद्धत पूर्ण हाती येते.

आधी आकृती, निदान अर्ध्या पानाची. बलं तीनच: वजन, पृष्ठभागाची लंब प्रतिक्रिया आणि उताराला समांतर वरच्या दिशेने घर्षण. धन दिशा उताराच्या खाली, हे बाणाने दाखवा. आता पहिली मोठी चूक इथेच होते: घर्षण म्हणजे म्यू (घर्षण गुणांक) गुणिले लंब प्रतिक्रिया असं लिहिलं जातं. गोळा घसरत नाही, म्हणजे घर्षण स्थितिक आहे. म्यू गुणिले प्रतिक्रिया ही स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा आहे, तिचं प्रत्यक्ष मूल्य समीकरणांतून निघतं. म्हणून त्याला नुसतं ‘घ’ म्हणा आणि अज्ञात ठेवा.

समीकरणं दोन. उताराच्या दिशेने: वजनाचा घटक वजा घ बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण. केंद्राभोवती: घ गुणिले त्रिज्या बरोबर जडत्व आघूर्ण गुणिले कोनीय त्वरण. भरीव गोळ्याचं जडत्व आघूर्ण दोन पंचमांश वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग, आणि न घसरण्याच्या अटीमुळे कोनीय त्वरण म्हणजे त्वरण भागिले त्रिज्या. दुसऱ्या समीकरणातून घ हे दोन पंचमांश वस्तुमान गुणिले त्वरण इतकं येतं. ते पहिल्यात घाला: त्वरण बरोबर पाच सप्तमांश जी साइन थीटा, थीटा म्हणजे उताराचा कोन. वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही निघून गेले. इथपर्यंत एकही आकडा घालायचा नाही. आकडे लवकर घातले की कोणती राशी निघून गेली ते दिसतच नाही आणि चूक शोधायला मागे जाता येत नाही. आता घाला: ३० अंशांच्या उतारावर, जी ९.८ धरून, त्वरण ३.५ मीटर प्रति सेकंद वर्ग.

बरेच जण इथे थांबतात. खरं काम इथून पुढे आहे.

एकक बरोबर आहे का? आहे. उतार शून्य केला तर त्वरण शून्य येतं का? येतं. दुसऱ्या वाटेने तेच उत्तर येतं का? ऊर्जेने करून बघा: उंचीएवढी स्थितिज ऊर्जा ही सरळ गतीच्या आणि फिरण्याच्या ऊर्जेत वाटली जाते, त्यातून वेगाचा वर्ग दहा सप्तमांश जी गुणिले उंची असा येतो. वरच्या त्वरणावरून काढलेला वेगही तोच. छान.

आता उतार ९० अंश करा, म्हणजे सरळ उभी भिंत. सूत्र सांगतं त्वरण पाच सप्तमांश जी. पण उभ्या भिंतीवर लंब प्रतिक्रियाच नाही, म्हणजे घर्षण नाही, म्हणजे गोळा सरळ जी त्वरणाने पडायला हवा. मग सूत्र चुकलं का? बीजगणित चुकलेलं नाही, गृहीतक मोडलं. घर्षण दोन सप्तमांश वजन गुणिले साइन थीटा इतकं लागतं, आणि ते मर्यादेत राहायचं तर म्यू हा दोन सप्तमांश टॅन थीटापेक्षा कमी असून चालत नाही. म्यू ०.३ असेल तर सुमारे ४६ अंशांपर्यंतच गोळा न घसरता गडगडतो, त्यानंतर घसरायला लागतो आणि त्वरण जी गुणिले (साइन थीटा वजा म्यू कॉस थीटा) होतं. स्थितिक आणि गतिक म्यू सारखे धरले तर त्या ४६ अंशांच्या टोकावर दोन्ही सूत्रं एकच उत्तर देतात, आणि ९० अंशांना दुसरं सूत्र बरोबर जी देतं. प्रश्नात न विचारलेली एवढी माहिती केवळ टोकाची परिस्थिती तपासल्यामुळे मिळाली. आठवड्याला अशी पाच उदाहरणं सोडवली तर नुसती उत्तराशी जुळवून टाकलेल्या पन्नासांपेक्षा ती जास्त शिकवतात.

अडलात तर? वीस-तीस मिनिटं एकट्याने झुंजा. नेमकं काय कळत नाही ते एका वाक्यात लिहा, मग मित्रमैत्रिणीला किंवा शिक्षकांना विचारा. ‘हे उदाहरण येत नाही’ यापेक्षा ‘घर्षण वरच्या दिशेनेच का धरायचं?’ याला चांगलं उत्तर मिळतं. सोडवलेलं उत्तर वाचून ‘हं, कळलं’ वाटलं तरी ते कळलेलं नसतं. दोन दिवसांनी कोऱ्या कागदावर पुन्हा आलं तर कळलं.

प्रॅक्टिकल: आकडा आणि त्याची एरर

प्रयोगशाळेतलं जर्नल पेनाने लिहायचं. रीडिंग चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी नवं लिहायचं, खोडरबर नाही. जे वाचलं तेच लिहायचं: २० आंदोलनांना ४०.१ सेकंद लागले तर ‘४०.१’ लिहा, मनात भागाकार करून ‘२.००५’ नको. भागाकारात चूक झाली तर मूळ आकडा कायमचा हरवतो. उपकरणाचं लघुतम माप (त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप) आणि शून्यांकी त्रुटी (काहीच मोजत नसताना ते दाखवत असलेलं माप) पहिल्या रीडिंगच्या आधी नोंदवा, कारण नंतर ती हमखास विसरते.

साध्या दोलकाने जी काढणं हा सोपा प्रयोग समजला जातो. प्रत्यक्षात एरर म्हणजे काय हे शिकायला याच्याइतका चांगला प्रयोग नाही. जी म्हणजे ४ पाय-वर्ग गुणिले लांबी भागिले दोलनकालाचा वर्ग. लांबी १ मीटर, तीत १ मिलिमीटरची अनिश्चितता, म्हणजे ०.१ टक्का. स्टॉपवॉच चालू-बंद करताना मिळून ०.२ सेकंदांची चूक धरली आणि २० आंदोलनं मोजली, तर ४० सेकंदांत ०.२, म्हणजे ०.५ टक्के. दोलनकालाचा वर्ग असल्यामुळे ती दुप्पट होऊन जीमध्ये १ टक्का जाते. लांबी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोजायची धडपड इथे वाया जाते, कारण सगळी एरर वेळेतून येते आहे. ५० आंदोलनं मोजा, ती १ टक्क्यावरून ०.४ टक्क्यावर येईल. प्रयोग सुरू करण्याआधी हा पाच मिनिटांचा हिशेब केला की कुठे जीव ओतायचा ते कळतं.

इथे घडणाऱ्या चुका ओळखू येतात, कारण प्रत्येकीची आकड्यांत वेगळी खूण उमटते. जी १०.९च्या आसपास आला तर जवळजवळ खात्रीने मोजणी ‘एक’पासून सुरू झाली आहे. घड्याळ चालू करताना ‘शून्य’ म्हणायचं असतं. ‘एक’ म्हटलं तर १९च आंदोलनं होतात, भाग मात्र २०ने जातो, आणि २०/१९चा वर्ग १.१०८ आहे. आंदोलनाच्या टोकाला घड्याळ दाबलं तर रीडिंग विखुरतात, कारण तिथे गोळा जवळपास थांबलेला असतो आणि नेमका क्षण ठरवता येत नाही. मध्यस्थितीत वेग सर्वांत जास्त असतो, तिथे दाबा.

लांबी गोळ्याच्या केंद्रापर्यंत मोजायची असते. २ सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली तर १ मीटरच्या दोलकात जी १ टक्क्याने कमी येतो. यावर उपाय ग्राफ. ४० ते १२० सेंटिमीटरच्या दरम्यान सहा-सात लांब्या घ्या, दोलनकालाचा वर्ग उभ्या अक्षावर आणि लांबी आडव्या अक्षावर ठेवा. स्लोप ४ पाय-वर्ग भागिले जी, म्हणजे सुमारे ४.०३ सेकंद वर्ग प्रति मीटर यायला हवा. लांबीत प्रत्येक वेळी १ सेंटिमीटर कमी मोजलं असेल तर स्लोप बदलत नाही, रेषा फक्त वर सरकते आणि इंटरसेप्ट ०.०४ येतो. म्हणून रेषा ओढूनताणून मूळ बिंदूतून नेऊ नका. तिला जिथे जायचं तिथे जाऊ द्या, ती तुमची चूक सांगते आहे.

ग्राफवर एरर बार काढल्यावर बहुतेकांना वाटतं की रेषा प्रत्येक बारला शिवली पाहिजे. तसं नाही. बार एका स्टँडर्ड डेव्हिएशनचा असेल तर साधारण तीनातला एक बिंदू रेषेपासून सुटायलाच हवा. सगळे बिंदू रेषेवर चिकटून बसले असतील तर तुम्ही एरर जास्त धरली आहे, किंवा रीडिंग उत्तराकडे बघून लिहिली आहेत. तपासणाऱ्यालाही हे दिसतं.

तारेचा यंग मॉड्युलस (ताणाला ती किती दाद देत नाही याचं माप) काढतानाही हिशेब असाच. ०.५ मिलिमीटर जाडीची तार ०.०१ मिलिमीटर लघुतम मापाच्या स्क्रू गेजने मोजली तर २ टक्के अनिश्चितता, आणि क्षेत्रफळात ती ४ टक्के होते. म्हणून जाडी तारेवर पाच-सहा ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन लंब दिशांनी मोजायची. शेवटचं उत्तर ९.७८४३ अधिक-वजा ०.१ असं कधी लिहू नका. ९.८ अधिक-वजा ०.१. एररच्या पलीकडचे अंक म्हणजे माहिती नव्हे.

संगणकावर

थोडं कोडिंग पहिल्या वर्षापासूनच करा. सुरुवात स्प्रिंगला बांधलेल्या वस्तुमानापासून: प्रत्येक छोट्या पावलाला त्वरणावरून नवा वेग, वेगावरून नवी जागा. जागा काढताना जुना वेग वापरला तर ऊर्जा हळूहळू वाढत जाते. कोनीय वारंवारता १ आणि पाऊल ०.०१ ठेवलं तर प्रत्येक पावलाला ऊर्जा १.०००१ पट होते. ऐकायला किरकोळ, पण दहा आंदोलनांत ६२८३ पावलं पडतात आणि ऊर्जा जवळपास १.८७ पट होते. जागा काढताना नवा वेग वापरा, कोडमधल्या फक्त दोन ओळींचा क्रम बदलतो आणि ऊर्जा मूळ मूल्याभोवती किंचित हलत राहते. कोणत्याही सिम्युलेशनमध्ये ऊर्जेचा ग्राफ शेजारी काढा. चुकलेलं सिम्युलेशनही पडद्यावर सुंदरच दिसतं.

याच कोडमध्ये वस्तुमानाच्या जागी इंडक्टन्स, घर्षणाच्या जागी रोध आणि स्प्रिंगच्या स्थिरांकाच्या जागी एक भागिले कपॅसिटन्स घाला, तुमच्याकडे एलसीआर सर्किट तयार. हेच इक्वेशन प्रकाशशास्त्रात आणि घनपदार्थांत भेटतं, आणि याच आंदोलकाची क्वांटम आवृत्ती पुढे येते, तेव्हा यावर घातलेले चार जादा तास कुठेच वाया जात नाहीत.

परीक्षा

काही आकडे तोंडपाठ हवेतच. इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा ५११ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. प्लँकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग, १२४० इलेक्ट्रॉन-व्होल्ट नॅनोमीटर. ३०० केल्विनला औष्णिक ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टचा चाळिसावा भाग. हायड्रोजनची आयनन ऊर्जा १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. यांच्या जोरावर उत्तराचा आवाका लगेच कळतो. १ नॅनोमीटरच्या पेटीत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनची सर्वांत कमी ऊर्जा ०.३८ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास येते. तुमच्या कागदावर ३८० आली असेल तर नॅनोमीटर करताना कुठेतरी दहाचा घात निसटला आहे.

पेपर हातात आला की कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे की रेडियनवर ते आधी बघा. उत्तर लिहिताना आकृती, गृहीतकं आणि अक्षरांतलं अंतिम सूत्र कागदावर असू द्या, म्हणजे आकडेमोड चुकली तरी बाकीचे गुण हातचे जात नाहीत. आणि उत्तर चुकलं हे एकक किंवा टोकाची परिस्थिती बघून कळलं, पण चूक सापडायला वेळ उरला नाही, तर उत्तर खोडू नका. खाली स्पष्ट लिहा, समजा कप्पीवरून टांगलेल्या दोन वस्तुमानांचं उदाहरण असेल तर: ‘वस्तुमानं सारखी धरली तर त्वरण शून्य यायला हवं, इथे येत नाही, म्हणून चिन्हात चूक असावी.’ मग पुढच्या प्रश्नाला लागा.